पेटीबंदीचा ठराव

"उद्यापासून वॉर्डात पेटी वाजवायची नाही," शेजारचे शेवडेकाका दारातूनच म्हणाले. "ठरावाला तुमचंही मत आहे, हेमाताई."

"माझं? डबे भरताना मला मान वर करायला फुरसत नसते!"

"म्हणून तर मतदूत बसवलाय," नवरा म्हणाला. "ते यंत्र घरातलं ऐकतं, तुझ्या वतीने मत देतं. रोज पोळ्या लाटताना तू काय म्हणतेस? 'सुरू झालं यांचं रेकणं!'"

"अहो, ते नुसतं म्हणायचं असतं!" हेमाताई ओट्यावरच्या मतदूताकडे वळल्या. "मत बदल. मला काकांची पेटी आवडते."

"शेजारी समोर आहेत," मतदूत म्हणाला. "भिडेखातर बोललेलं धरत नाही."

काकांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"आता बोला," मतदूत म्हणाला.

हेमाताईंनी आधी दार नीट लागलंय ना, ते पाहिलं.