शिडी आणि कंदील

"बाद," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी मतपत्रिका उंच धरली.

मधुकरराव मतमोजणीचे अधिकारी. माणूस सरळ होता. प्रत्येक बाद मत ते समोर बसलेल्या उमेदवारांना दाखवत. शाळेच्या एकाच बाकावर तिघे उमेदवार बसले होते. एका टोकाला देवाजी, दुसऱ्या टोकाला त्याचा सख्खा धाकटा भाऊ धोंडबा, आणि मध्ये ऐसपैस भैय्याजी. मतपत्रिकेवर शिडीपुढे एक शिक्का होता आणि कंदिलापुढे एक. शिडी देवाजीची निशाणी, कंदील धोंडबाची. दोघांना दिलेलं मत कुणाच्याच खात्यात जात नाही.

मधुकररावांनी पुढची पत्रिका उलगडली. पुन्हा शिडी आणि कंदील.

भैय्याजींचं धान्याचं दुकान इतवारीत, बंगला धरमपेठेत, आणि नगरसेवक मात्र ते या वस्तीचे. दोनदा निवडून आले, पण वस्तीत नळ काही आला नाही. बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन गिरणीच्या फाटकापर्यंत जात आणि तिथल्या नळावर ताटकळत. बंगल्यातल्या गुलाबांना रबरी नळीने पाणी मिळे. यंदा आपण पडणार, हे भैय्याजींनीही मनातून धरलं होतं. वस्तीने मिळून एक माणूस उभा करायचा, एवढंच काम होतं.

नेमकं तेवढंच जमलं नाही. वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. त्या दिवशी देवाजी-धोंडबाची माय बायजाबाई दोन्ही लेकांचे हात धरून गर्दीत उभी होती आणि मायलेकांनी एका सुरात प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. पुढे मुंबईत की दिल्लीत कुठेतरी पुढारी भांडले, पक्ष फुटला आणि त्याची झळ वस्तीच्या चुलीपर्यंत पोचली. दोन गट झाले, दोन कचेऱ्या झाल्या, बुद्धजयंतीच्या मिरवणुकाही दोन निघू लागल्या. एका गटातलं माणूस गेलं तर दुसरा गट मयतीलाही जाईना. देवाजी एका गटात गेला, धोंडबा दुसऱ्यात. एका घरात राहून भाऊ कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते. निवडणूक लागली तशी बायजाबाईने दोघांची मनधरणी केली, एकाने तरी मागे घ्या म्हणून. "त्याले सांग," देवाजी म्हणाला. "त्याले सांग," धोंडबाही म्हणाला. भावांचं एकमत झालं ते तेवढ्यावरच.

बाद मतांचा गठ्ठा फुगत चालला. सकाळपासून सारखा घाम पुसणाऱ्या भैय्याजींनी रुमाल खिशात ठेवला आणि पान मागवलं.

धोंडबाला राहवेना. तो भैय्याजींच्या पोटाआडून वाकून भावाला म्हणाला, "तुह्याच माणसाईनं शिकवलं असन हे. माहे मतं खराब कराले."

"मी त गल्लीगल्लीत भोंगा फिरवला, शिक्का एकच मारा म्हणून," देवाजी म्हणाला.

"मी बी तेच सांगतलं."

भैय्याजी त्यांना बोलायला जागा मिळावी म्हणून जरा मागे सरकून बसले. आता त्यांना हा मोठेपणा परवडत होता.

"बायाच अडाणी आहेत," शेवटी देवाजी म्हणाला. "कितीही शिकवा."

धोंडबाने मान हलवली. हे त्यालाही पटलं.

निकाल लागला. भैय्याजी निवडून आले. बाद मतांचा गठ्ठा दोघा भावांपैकी कुणाच्याही पदरात पडला असता तर तो निवडून आला असता आणि वस्तीला नळ मिळाला असता. शाळेच्या फाटकाबाहेर बँड वाजू लागला. दोघा भावांसाठी आणलेले हार पोरांनी कुठे टाकले कोण जाणे. देवाजी पुढे आणि धोंडबा मागे असे ते वस्तीकडे निघाले. दोघांनाही रडू येत होतं आणि दोघांनाही ते एकमेकांना दिसू द्यायचं नव्हतं.

वस्तीच्या तोंडाशी बाया गुंड घेऊन पाण्याला निघाल्या होत्या. निकाल त्यांच्या कानावर आला होता. पुढे बायजाबाई होती, बाजूला शेजारची सिंधूताई. लेकांना पाहून बायजाबाई थांबली. तिचे डोळे सुजले होते.

देवाजीचा तोल गेला. "अडाण्यावानी दोघाईवर शिक्के मारले तुम्ही. सारी मतं वाया गेली. आता वाहा डोक्यावर पाणी पाच वर्षं."

सिंधूताईने पदर तोंडाला लावला.

"ठाऊक होतं आमाले," बायजाबाई म्हणाली. "दोन शिक्के मारले का मत वाया जाते."

"ठाऊक होतं?" धोंडबाला खरंच वाटेना. "नळ पाहिजे म्हणून तुम्हीच त मागं लागल्या होत्या."

"पाहिजेच होता. मान मोडते आमची."

"मंग काहून मारले, माय?"

बायजाबाईने डोक्यावरचा गुंड उतरवून खाली ठेवला. किती दिवसांनी दोघे तिच्यासमोर असे शेजारी उभे होते.

"घरी पाया पडून सांगतलं, एक व्हा गा म्हणून, तुम्ही आयकलं नाही. मतं मोजाले त दोघंही एका जागी बसान, म्हणून साऱ्या बायाईनं तिथं सांगतलं."