फलाहकाकांची कॉफी

लाल वाळूच्या चढावर जीप अडली, तसा शेजारच्या सीटवरचा मुतलक हसला. "उतर खाली, फिद्दे. शेवटच्या दिवशी तरी पुरुषाला चालवू दे."

फिद्दाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने जीप थोडी मागे घेतली, चाकं सरळ केली आणि एका दमात चढ पार केला. मागच्या बाकांवर दोन डच बहिणी बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी खडकाची कमान पाहिली, अरुंद घळीत फोटो काढले, डोक्यात वाळू भरून घेतली. आता त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ऐकून घे टाळ्या," मुतलक म्हणाला. "उद्यापासून किल्ली माझ्याकडे."

"आणि पाहुण्यांशी बोलशील काय? वेलकम, वेलकम?"

मुतलकचं इंग्रजी तिथंच सुरू होऊन तिथंच संपायचं.

ही जीप फिद्दाच्या बाबांची. वादी रमच्या वाळवंटात पाहुणे फिरवण्यात त्यांचा जन्म गेला. लेकीला मांडीवर बसवून त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं. हिवाळ्यात ते गेले आणि तिचे चारही काका बैठकीला बसले. ठरलं असं, की आधीच कबूल केलेल्या फेऱ्या हंगामभर फिद्दाने पुऱ्या कराव्यात, मग गाडी मुतलकला द्यावी. मुतलक हा थोरल्या फलाहकाकांचा मुलगा. बैठकीत फलाहकाका एक शब्द बोलले नव्हते. फिद्दाला सगळ्यात जास्त राग त्याचाच होता. बाबांचा सख्खा भाऊ, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

फेरीचा शेवटचा थांबा मात्र त्यांचाच तंबू. दर फेरीला यायचं, दर फेरीला त्यांच्या हातची कॉफी प्यायची. आजही काकांनी पाहुण्यांच्या ओळीत फिद्दाला जागा दिली. खरं तर घरच्या मुलींनी पडद्यापलीकडे बायकांत बसायचं, पण काकांचा हा खाक्या हंगामभर चालला होता. शेजारपाजारचे चारदोन म्हातारेही टेकले होते. काकांनी वेलदोड्याची कॉफी ओतली. आधी थोरल्या बहिणीला, मग धाकटीला, मग फिद्दाला.

थोरल्या मरायकेबाईंनी पेला घेतला, वास घेतला आणि न पिता समोरच्या सतरंजीवर ठेवून दिला.

तंबूतली बडबड थांबली. एका म्हाताऱ्याने जपमाळ मुठीत धरली.

"अगं, विचार त्यांना," फलाहकाका सावरून बसत म्हणाले. "पाहुणीने पेला खाली ठेवलाय. मागणं काय आहे त्यांचं? ते दिल्याशिवाय त्या पिणार नाहीत, आणि मलाही नाही म्हणता यायचं नाही."

सगळे फिद्दाकडे बघू लागले. फिद्दाने बाईंना विचारलं. बाई ओशाळून म्हणाल्या, "माफ करा हं. डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय. छातीत धडधडतं."

फिद्दाच्याही छातीत धडधडायला लागलं. तंबूत इंग्रजी तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. ती सांगेल तेच बाईंचं मागणं होणार होतं. जीप हिच्याकडेच राहू द्या, असं बाई म्हणताहेत. बस, एवढंच बोलायचं. काकांना देणं भाग पडलं असतं.

पण पाहुणीच्या तोंडी खोटं घालायचं, तेही बाबांनी कमावलेल्या विश्वासाच्या जोरावर? तिची जीभ रेटेना.

"मागणं काही नाही, काका," ती म्हणाली. "डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय त्यांची."

तंबू खदखदून हसला. "चहा आणा रे," काकांनी हाक दिली. मुतलकही हसत होता, जरा जास्तच मोकळेपणाने.

फिद्दाचा पेला अजून तिच्या हातात होता. भरलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो खाली ठेवला.

हसू विरलं. "हे काय आता?" मुतलक म्हणाला. "तू कसली पाहुणी? घरचीच तू."

"माझ्या तंबूत पाहुणा कोण, ते मी ठरवतो," काका म्हणाले. "बोल पोरी. काय हवंय?"

"बाबांची जीप," फिद्दा म्हणाली. "हंगामापुरती नाही. कायमची."

"दिली. पी आता."

फिद्दाने पेला उचलून एका घोटात संपवला. कॉफी कडू होती आणि तिला ती साखरेसारखी लागली. एक म्हातारा जोरात "शाबास" म्हणाला. काय चाललंय ते न कळताही डच बहिणींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"बाबा," मुतलक चिडून म्हणाला, "चौघा भावांनी ठरवलेलं तुम्ही मोडलंत."

"मला एकट्याला ते मोडता येत नव्हतं," काका म्हणाले. "पण पाहुण्याने मागितलेलं चौघांनाही मोडता येत नाही."

मग ते फिद्दाकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तरी ते तिच्यावर खेकसले, "हंगामभर तुला पाहुण्यांत बसवून पेला हातात देतोय. आणि तू मेली दर वेळी पिऊन मोकळी."