विल्फच्या चुका

"आणि ज्याला नीट येत नाही, तो हा शब्द कसा चुकवेल?" विल्फ स्टॅम्परने विचारलं.

मिस ओल्डरॉयडने खडू खाली ठेवला. ग्रिम्सबी बंदरातल्या चॅपेलमागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी ती मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायची. विल्फ त्यांच्यात सगळ्यात वयस्क. एकसष्ट वर्षांचा. उभा जन्म गोदीवर माशांच्या पेट्या उचलण्यात गेलेला. वर्षापूर्वी आला तेव्हा त्याला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं.

आज फळ्यावर 'फ' होता. 'फिश'ला नुसता एफ. 'फोटो'ला पी-एच. 'इनफ'च्या शेवटी जी-एच. आणि तेच जी-एच 'नाइट'मध्ये आले की तोंडाला कुलूप लावून बसतात.

"एकच आवाज, आणि त्याला इतकी सोंगं! कुणी केलं हे?"

"मी नाही, मिस्टर स्टॅम्पर."

"बरं, पण चुकणारा कसा चुकेल ते सांगा की."

तिने सांगितलं. 'नाइट' बरेच जण आय-टी-ई लावून उरकतात. 'इनफ'ला शेवटी दोन एफ ठोकतात. विल्फने दोन्ही चुका वहीत जपून उतरवून घेतल्या. गेले काही महिने त्याचं हेच चाललं होतं. बरोबर शब्द तो शिकायचा, आणि चुकीचे पाठ करायचा.

त्या दिवशी पानं उलटताना वहीतून एक कागद खाली पडला. तिने उचलला. वर लिहिलं होतं, 'लाडक्या आईस'. खाली सही, 'तुझा क्लाइव्ह'. अक्षर विल्फचं.

"हे काय आहे?"

विल्फने दाराकडे पाहिलं. बाकीचे निघून गेले होते.

"क्लाइव्ह माझा पोरगा," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वी आमचं वाजलं. मी म्हटलं, या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. तो कॅनडाला गेला. घरात त्याचं नाव काढायचं नाही, असंही मीच बजावलं होतं. तेव्हापासून ना पत्र, ना निरोप. म्युरिएल माझ्याशी बोलेनाशी झाली. समोर ताट ठेवायची आणि उठून जायची. शेवटी मला बघवेना."

"म्हणून तुम्ही क्लाइव्हच्या नावाने लिहिता?"

"लेन म्हणून माझा दोस्त मालवाहू जहाजावर आचारी आहे. तो तिकडच्या बंदरातून टपालात टाकतो. घरी आलं की म्युरिएल मला वाचून दाखवते. मला वाचता येतं हे तिला कुठे ठाऊक आहे!"

"आणि या चुका?"

"माझंच पोर ते, बाई. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेलं. शुद्ध लिहिलं तर ती लगेच ओळखेल."

"पण अक्षर?"

"परदेशात गेल्यावर माणूस बदलतो, तिथं अक्षराचं काय घेऊन बसलात!"

मिस ओल्डरॉयडला हसू आलं नाही.

शनिवारी बेकरीच्या रांगेत म्युरिएल मिस ओल्डरॉयडच्या दोनच माणसं पुढे होती. कोटाच्या आतल्या खिशातून तिने कागद काढला आणि बेकरीवालीला वाचून दाखवू लागली. "'तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत चालत बाजाराला जाऊ नकोस. तुझ्या हातच्या अ‍ॅपल-पायची चव जिभेवरून जात नाही. तुझ्यासारखी दुसरी कुणी नाही.'" अठ्ठावन्न वर्षांची ती बाई, पण गाल लाल झाले होते.

"नशीबवान आहेस गं," बेकरीवाली म्हणाली.

मिस ओल्डरॉयड पाव न घेताच बाहेर पडली. ही फसवणूक आपण शब्दाशब्दाने शिकवली, हे तिला सहन होईना.

बुधवारी तिने विल्फला थांबवून घेतलं. "तुम्ही त्यांना खरं सांगा. उद्या क्लाइव्हची खरी बातमी आली, चांगली किंवा वाईट, तर त्यांचं काय होईल? तोवर मी यात तुम्हाला मदत करणार नाही."

 विल्फने वही मिटली.

"एवढ्या उशिरा मला अक्षर दिलंत, बाई," तो म्हणाला. "तुमचे उपकार मी विसरणार नाही." आणि टोपी घालून निघून गेला.

पुढचे दोन बुधवार तो आला नाही. तिसऱ्या बुधवारी वर्ग सुटल्यावर दारात म्युरिएल उभी राहिली. फडक्यात गुंडाळलेला गरम अ‍ॅपल-पाय तिने टेबलावर ठेवला.

"तुमच्यासाठी केलाय. आभार मानायला कधीचं यायचं होतं. विल्फ मला सांगायचा, कबुतरांच्या क्लबात जातो. कबुतरांनी बोटांना शाई लागते होय?"

"मिसेस स्टॅम्पर, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या पत्रांबद्दल."

"आमचा क्लाइव्ह स्पेलिंगमध्ये शाळेत पहिला यायचा," म्युरिएल म्हणाली. "त्याच्या बापाला बक्षिसाचा कागद वाचता आला नाही, एवढंच."

मिस ओल्डरॉयड खुर्चीवर बसली.

"त्याचं पत्र दर महिन्याला येतं. लाउथला, माझ्या बहिणीच्या पत्त्यावर. पहिल्यापासून. मजेत आहे. घरात नाव काढायची बंदी होती, म्हणून मीही अबोला धरला होता. आता बापाच्या पत्रांबद्दल मी त्याला कळवते. ऑगस्टमध्ये येतो म्हणालाय, बापाला भेटायला."

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं? मग ते कागद खिशात घालून का फिरता?"

म्युरिएलचे गाल पुन्हा लाल झाले.

"चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने मला पहिल्यांदाच पत्रं लिहिलीत," ती म्हणाली. "त्याला परत बोलवा, बाई. तीन आठवडे झाले, त्याच्या बोटांना शाई लागलेली नाही."