पाण्याखाली

सरपंच भामाबाईंनी देवळातल्या भोंग्यावरून सरकारी पत्र वाचून दाखवलं. शहराला पाणी पुरेना, म्हणून धरणाची भिंत आणखी उंच होणार होती. पुढचं वाक्य त्यांनी मुद्दाम दोनदा वाचलं. "त्यामुळे आपल्या गावाचे संपूर्ण शिवार पाण्याखाली येत आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धरणाच्या काठाला राहून गाव कोरडं होतं. तीस वर्षं कालव्यासाठी अर्ज केले, पण पाणी पाइपातून परस्पर शहराला जायचं. अखेर सरकारला लाज वाटली म्हणायची! कुणी उसाचं बोलू लागलं, कुणी केळीचं.

दुसऱ्या दिवशी मोजणीला आलेल्या साहेबांना गावाने हार घातला, जिलेबी खाऊ घातली. साहेब चक्रावलेच. असल्या कामाला गेलं की आजवर त्यांना दगडच खावे लागले होते.

तेवढ्यात म्हातारी हौसाबाई पुढे आली. "सायेब, माजं रान देवळामागं, चढाला हाये. तितवर पानी चढंल न्हवं?"

साहेबांनी हातातली जिलेबी हळूच कागदावर ठेवली आणि देवळाकडे पाहिलं.

"चढेल, आजी. कळस तेवढा वर राहील."