बिळाच्या तोंडाशी बादली

काउंटीच्या कचेरीने आमच्या घराचा परवाना अडवला होता तो कायद्याने संरक्षण दिलेल्या एका कासवापायी. त्याचं बीळ ओकच्या झाडाखाली. लांब बांधलं तर हरकत नव्हती, पण माझ्या नवऱ्याला, ओडेलला, ओसरी ओकच्याच सावलीत हवी. मग कासव हलवणं आलं. कासवं पकडणाऱ्या मारिसोलने बिळाच्या तोंडाशी बादली पुरली, वर कागद आणि वाळू पसरली. रोज सकाळी धावत जायचो, बादली रिकामी. आज कागद फाटलेला दिसला आणि माझ्या हातातली कॉफी सांडली. "सापडलं गं," ओडेल ओरडला, "घर झालंच समज." मारिसोलने कासव उचललं, वाळू झटकली आणि ती कवच निरखू लागली. कवचाच्या कडेला बारीक भोकं होती. "काका, ही खूण माझीच. वादळात तुमचं घर पडलं, तेव्हा याला इथून नेऊन हायवेपलीकडच्या रानात सोडलं होतं." "आणि ते चालत आलं?" ओडेलला पटेना. मला हसू आवरेना. त्याच वादळानंतर लेकाने ओडेलला ऑर्लँडोला नेलं होतं. आठवड्याच्या आत हा बस पकडून परत, पडक्या घरासमोर तंबू ठोकून. "तुझाच भाऊ दिसतोय," मी म्हटलं. ओडेल कासवाकडे बघत राहिला, कासव बिळाकडे. मग त्याने ओसरीचा कोपरा दाखवणारी लाल फितीची खुंटी उपटली आणि ताडताड चालत ओकपासून पार मागे नेऊन ठोकली. "काका, कचेरीला काय कळवू?" "कासव हलत नाही म्हणावं. घर हलतंय."