पहिला प्रश्न

"बाबा, आज सही केली नाही तर मशीन दुसऱ्या लॅबकडे जाईल," मुलगी म्हणाली.

बाबा मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे. येईल दुसरं."

दात छापणाऱ्या त्या मशीनची सगळीकडे हवा होती. दर महिन्याला नवी कंपनी, नवी जाहिरात. पण घ्यायचं तर ही खोली गहाण टाकावी लागणार होती, आणि वर्षभर बाबांचं एकच पालुपद: थांब.

"थांबून थांबून आपल्यालाच कवळी लागायची, बाबा!"

बाबा खुदकन हसले. "जीभ अगदी आईची. पण मी दात भाजायची भट्टी घ्यायला निघालो, तेव्हा तिनेच हात धरून थांबवलं होतं. म्हणाली, डॉक्टर 'कितीला?' विचारतात तोवर ती नुसती हौस. आधी 'कधी?' विचारायला लागले, की देवाचं नाव घ्या आणि मारा उडी."

खिडकीपाशी आईची खुर्ची तशीच होती. तिथे बसून ती उजेडात दातांचे रंग जुळवायची. ढग आला की हात थांबायचे आणि गुणगुणणं सुरू व्हायचं.

फोन वाजला. बाबांचे हात मेणाने माखलेले, म्हणून मुलीने तो स्पीकरवर धरला. पलीकडे नेहमी काम देणारे ते चिकट डॉक्टर. आजवर 'कितीला?' याशिवाय त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला नव्हता.

"काका, ते मशीन कधी येतंय? पेशंट थांबवून ठेवलेत मी. तारीख तेवढी सांगा."

बाबांच्या बोटातला दात तसाच राहिला. "आणि भाव?"

"तो बघू हो मागाहून!"

बाबांनी हात पुसले. सही करताना त्यांचे ओठ हलले. मुलगी लगेच मोजायची टेप घेऊन उठली.

"खिडकीपाशी मावेल."

"भिंतीला लाव. हवं तर माझं टेबल काढ." बाबांनी खुर्चीवरची धूळ झटकली. "छापलेल्या दातांचाही रंग जुळवावाच लागेल की. बैस."

ती बसली. रंगाचे नमुने उजेडात धरून पाहू लागली. एवढ्यात ढग आला.

नमुने मांडीवर ठेवून ती वाट पाहत राहिली, आणि आपल्याच नादात गुणगुणू लागली.

बाबांनी दिवा लावला नाही.