होकाराची पोच

तिशी उलटलेल्या घुम्या लेकाला अखेर एका मुलीने फोनवर लग्नाचा होकार दिला, आणि त्या दिवट्याने "मिळालं" एवढंच म्हणून फोन ठेवला. आईने कपाळावर हात मारला.

"अरे ठोंब्या, असं बोलतात का? मोडेल की जमलेलं!"

"आई, मी कॉम्प्युटरसाठी लिहितो त्या ड्रायव्हर प्रोग्रामचा नियमच आहे. तारेतून डेटा आला की पटकन उचलून रांगेत ठेवायचा आणि बाहेर पडायचं. तिथेच विचार करत बसलं तर अख्खं मशीन गोठतं. विचार मागाहून, सवडीने." एवढं सांगून स्वारी आत गेली.

मुलीच्या आईची माफी मागायला या माउलीने पदर खोचून आपला फोन उचलला, तोच आतून धाडकन आवाज आला.



नाचून नाचून पलंग मोडला होता, आणि पडल्या पडल्या पठ्ठ्या फोनवर ओरडत होता, "अगं, खरंच हो म्हणालीस?"